चक्की लोळू नये म्हणून



लाइन गेली की दोष कुणाच्या माथी मारायचा, हे या देशात फार आधी ठरून गेले आहे. पाऊस लांबला, शेतकऱ्याने पंप चालू केले, म्हणून लाइन गेली. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे ग्रीड बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रीडे एकदम कोसळली. साठ कोटी लोकांचा मुलूख अंधारात गेला. त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला उभा केला गेला तो पंजाब, हरयाणा आणि उत्तर प्रदेशातला भात लावणारा शेतकरी. पुढे चौकशी समितीचा अहवाल आला. काही राज्यांनी वाट्यापेक्षा जास्त वीज ओढली आणि त्यांना वेळीच आवरले गेले नाही, हे त्यात होतेच. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट होती. बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही लाइनवर कोणताही शॉर्ट सर्किट झालेला नसताना, जास्तीचा भार म्हणजेच बिघाड असे समजून तिथल्या रिलेने लाइन तोडली होती. तार शाबूत होती. चुकला तो तारेवरचा पहारेकरी. शेतकऱ्याच्या पंपाची बदनामी मात्र घरोघरी पोचली, रिलेची गोष्ट अहवालातच राहिली.

आता दुसरा आरोपी सापडला आहे. तो म्हणजे वारा. "पवनचक्की लहरी, तिच्यावर ग्रीड चालत नाही, तिच्यामुळे व्होल्टेज हलते," असे उपकेंद्रात बसलेला साहेबही सांगतो आणि वर्तमानपत्रही छापते. महाराष्ट्रात आज पाच हजार मेगावॅटहून जास्त पवनवीज उभी आहे. साताऱ्यात वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर, धुळ्यात साक्रीकडे, सांगलीत, बीडमध्ये आपल्याच माळरानांवर ती उभी आहे. तेव्हा हा आरोप खरा किती आणि खोटा किती, हे आपण स्वतः तपासून घेतले पाहिजे. कारण ग्रीड डगमगले की आधी इस्पितळ, रेल्वे आणि शहराच्या वाहिन्या सांभाळल्या जातात, आणि आधी कुणाची वाहिनी उतरते हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

झटका बसतो तेव्हा काय होते

गव्हाच्या पिकाचे उदाहरण घ्या. पाणी दिलेले, ओंबीत दाणा भरलेला, आणि वाऱ्याची एक जोरदार झुळूक आली. झुळूक मिनिटभराची असते. पण ताट कमजोर असेल तर पीक लोळते, आणि एकदा लोळलेले पीक वारा थांबला म्हणून उठून उभे राहत नाही. नुकसान झुळुकीने होते त्यापेक्षा लोळण्याने जास्त होते. म्हणून गहू संशोधकांनी ताट बुटके आणि टणक केले. वारा बंद करायला कुणी गेले नाही.

ग्रीडवरचा बिघाड म्हणजे अशीच एक झुळूक. वीज पडली, तारेवर फांदी आली, दोन तारा एकमेकींना चिकटल्या की त्या जागी व्होल्टेज जवळजवळ शून्यावर येते. ब्रेकर तो तुकडा तोडून बाजूला काढतो. याला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग लागतो. तेवढ्या वेळात पवनचक्कीची अवस्था काय होते? वारा पाती ढकलतच राहतो, पण व्होल्टेज नसल्यामुळे तयार झालेली वीज बाहेर जाऊ शकत नाही. रहाटाचे पाणी चढत राहावे आणि पाट मात्र बुजलेला असावा, तशी ही गत. पाती वेग घेतात, यंत्रातल्या विजेच्या कोठ्यात दाब चढतो आणि चक्की स्वतःला वाचवण्यासाठी ग्रीडपासून तुटते. एक चक्की तुटली तर काही नाही. पण बिघाड सर्वांना एकाच क्षणी जाणवतो, म्हणून पठारावरच्या सगळ्या चक्क्या एकदम तुटतात. बिघाड दूर झाला, व्होल्टेज परत आले, पण वीज देणारे सगळे घरी गेलेले. पीक लोळले.

जुन्या पद्धतीच्या चक्क्यांची आणखी एक खोड आहे, ती आपल्याला घरचीच वाटेल. त्यांचे जनित्र म्हणजे आपल्या पंपाच्या मोटरचाच भाऊ. वीज देत असतानाही ते चुंबकासाठी ग्रीडकडून वेगळी वीज ओढते. व्होल्टेज परत येताच अशी शंभर यंत्रे एकदम ओढ घेतात आणि व्होल्टेज पुन्हा खाली बसते. लाइन आल्याबरोबर गावातल्या सगळ्या मोटरी ऑटोवर एकदम सुटतात आणि डीपी जळते, हा प्रकार आपण दर उन्हाळ्यात पाहतो. मोटरीला कॅपॅसिटर लावा असे जे सांगितले जाते ते याच ओढीसाठी. नव्या चक्क्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, त्यामुळे ही खोड बरीच कमी झाली आहे. पण त्या यंत्रणेला झटका सोसायचा हुकूम कुणीतरी आधी देऊन ठेवावा लागतो.

म्हणजे आरोपाचे उत्तर असे: चक्की झटक्यात तुटते हे खरे. वारा लहरी म्हणून तुटते हे खोटे. वारा त्या क्षणी जोरातच असतो. कमी असतो तो आधार.

साठवण म्हणजे काय आणि किती

साठवण म्हटले की आपल्यापुढे कांद्याची चाळ किंवा गोदाम येते. भाव पडला तेव्हा ठेवायचे, चढला तेव्हा काढायचे. विजेतही असे गोदाम असते. अकोले तालुक्यात घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून हेच करतो: वीज जास्त असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे, गरज असेल तेव्हा सोडायचे. ते तासांचे गोदाम आहे. पण चक्कीला झटक्यात सावरण्यासाठी लागते ती दुसऱ्या जातीची साठवण. तिचे उदाहरण जुन्या डिझेल इंजिनात आहे. इंजिनाच्या बाजूचे ते जड चाक स्वतः काही काम करत नाही. पण भार एकदम वाढला तर ते इंजिन बंद पडू देत नाही, आणि भार एकदम उतरला तर पळू देत नाही. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांच्या अजस्र फिरत्या जनित्रांत असे जड चाक आपोआप असते. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून येणाऱ्या पवनविजेत आणि सौरविजेत ते ग्रीडला आपोआप मिळत नाही. ते बाहेरून द्यावे लागते.

किती साठवण लागते? हिशेब करून पाहा. दोन मेगावॅटची चक्की पूर्ण जोरात चालू आहे आणि सेकंदाचे तीन दशांश तिची वीज अडकली. ती अडकलेली वीज युनिटचा फक्त सहावा भाग. आपली पाच अश्वशक्तीची मोटर तीन मिनिटांच्या आत तेवढी वीज खाते. शंभर चक्क्यांची मिळून झाली सतरा युनिटे! एवढ्या सतरा युनिटांना त्या क्षणी ठेवायला जागा नाही म्हणून दोनशे मेगावॅट वीज ग्रीडवरून नाहीशी होते. काही यंत्रांत ही वीज जाड रोधकातून उष्णता करून जाळून टाकतात. त्याने चक्की वाचते, पण ग्रीडला काही मिळत नाही. बॅटरी, मोठा कॅपॅसिटर किंवा फिरते जड चाक लावले तर जास्तीची वीज ते पोटात घेते, बॅटरीची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याच वेळी व्होल्टेजला टेकू देते, आणि बिघाड दूर झाला की चक्क्या पुन्हा पूर्ण जोरात येईपर्यंत तीच वीज परत सोडते. वेग हवा, साठा थोडा चालतो. हीच गोष्ट समजून घ्यायची आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियाचा धडा

हे सगळे पुस्तकातले नाही. ऑस्ट्रेलियातल्या दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यात ते घडून गेले आहे. गहू, बार्ली आणि मेंढ्यांचा हा मुलूख, आणि पवनविजेचे प्रमाण तिथे फार मोठे. २८ सप्टेंबर २०१६ रोजी तिथे भयंकर वादळ झाले. २७५ केव्हीच्या मोठ्या लाइनींचे मनोरे आडवे झाले. दोन मिनिटांत व्होल्टेजला सहा गचके बसले. नऊ पवनप्रकल्पांनी सात सेकंदांच्या आत मिळून ४५६ मेगावॅट वीज कमी केली. तो सगळा भार शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याकडून येणाऱ्या जोड-लाइनीवर पडला, ती तुटली आणि सगळे राज्य काळोखात गेले. साडेआठ लाख ग्राहक अंधारात. बहुतेकांची वीज रात्रीपर्यंत आली, पण टोकाच्या ग्रामीण भागात काहींना दिवसांची वाट पाहावी लागली. टोकाचा माणूस तिथेही टोकालाच असतो.

लगेच राजकारण सुरू झाले. पवनविजेचे विरोधक म्हणाले, पाहा, वारा दगा देतो. ग्रीड चालवणाऱ्या संस्थेने तपास केला आणि २०१७ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यातून निघाले ते असे, की त्या चक्क्यांच्या नियंत्रणात एक मर्यादा घातलेली होती: ठरावीक वेळेत इतकेच गचके सोसायचे, पुढचा आला की वीज कमी करायची किंवा थांबायचे. ही मर्यादा ग्रीड चालवणाऱ्यांनाच माहीत नव्हती. नंतर सेटिंग बदलले आणि त्याच चक्क्या जास्त गचके सोसू लागल्या. वारा तोच, चक्की तीच, बदलला तो हुकूम. २०१९ मध्ये तिथल्या नियामकाने काही पवनप्रकल्पांच्या मालकांना न्यायालयात खेचले. बिना-ग्वाल्हेरच्या रिलेची गोष्ट इथे जोडून वाचा, म्हणजे दोन्ही ठिकाणचे सूत्र ध्यानात येईल.

सेटिंग बदलून ते थांबले नाहीत. जेम्सटाउन गावाजवळ हॉर्न्सडेलच्या पवनप्रकल्पाला लागून १०० मेगावॅटची बॅटरी बसवली. १ डिसेंबर २०१७ पासून ती चालू झाली, २०२० मध्ये ती दीडपट केली. २५ ऑगस्ट २०१८ रोजी विजा कोसळून ऑस्ट्रेलियाचे ग्रीड तुकड्यांत तुटले. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात भार उतरवावा लागला. दक्षिण ऑस्ट्रेलियात ग्राहकांची वीज तोडावी लागली नाही, आणि त्यात या बॅटरीचा वाटा होता. ३१ जानेवारी २०२० रोजी व्हिक्टोरियात मनोरे पडले आणि हे राज्य पुन्हा इतरांपासून तुटले, तेही अडीच आठवडे. २०१६ साली जोड तुटताच राज्य बुडाले होते, २०२० साली ते सगळे दिवस उजेडात राहिले.

आपल्याला जास्त उपयोगाची गोष्ट त्याहून लहान आहे. त्याच राज्यात यॉर्क द्वीपकल्प नावाचा शेतीचा पट्टा आहे, लांबलचक लाइनीच्या शेपटाला. तिथे वॉटल पॉइंटला ९० मेगावॅटच्या आसपास पवनवीज आहे. पण वरची लाइन तुटली की चक्क्याही बंद आणि गावेही बंद. दारात वीज तयार होते आणि घरात कंदील, हा अनुभव पठाराच्या पायथ्याच्या गावांना नवा नाही. २०१८ मध्ये डॅलरिम्पलच्या उपकेंद्रात ३० मेगावॅटची बॅटरी बसवली. तिच्यात साठा फक्त आठ हजार युनिटांचा, पूर्ण जोराने सोळा मिनिटांत संपणारा. पण तिची यंत्रणा अशी आहे, की ती ग्रीडच्या मागे चालत नाही, स्वतः व्होल्टेज आणि वारंवारता उभी करते. वरची लाइन तुटली तरी तिच्या तालावर चक्क्या फिरत राहतात आणि भोवतालच्या गावांना वीज मिळत राहते. लहान साठ्याची बॅटरी, योग्य जागी बसवलेली.

आपल्याकडे काय

आपले ग्रीड ऑस्ट्रेलियापेक्षा वेगळे आहे, हे मान्य केले पाहिजे. ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचे ग्रीड जोडले गेले आणि सगळ्या देशाचे एक ग्रीड झाले. या अजस्र ग्रीडमध्ये साताऱ्याच्या पठारावरच्या चक्क्या तुटल्या म्हणून देश अंधारात जाणार नाही. पण शेपटाच्या उपकेंद्रावर व्होल्टेज बसते, आणि ते आपल्या मोटरीच्या वाइंडिंगला कळते. दुसरे असे, की मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, आणि दिवसा पंप चालवण्याचे काम आता मोठ्या प्रमाणात सौरविजेवर सोपवले जात आहे. दिवसाची वीज ही आपली जुनी मागणी, तिचे स्वागतच आहे. पण सौर आणि वारा वाढत गेले आणि जड चाके कमी होत गेली, तर झटक्याला उभे राहणार कोण, हा प्रश्न आपल्याच पंपाचा आहे.

नियम नाहीत असे नाही. केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०१३ मध्ये ग्रीड-जोडणीच्या नियमांत दुरुस्ती केली. व्होल्टेज पंधरा टक्क्यांपर्यंत खाली आले तरी नव्या पवनचक्कीने ३०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे तीन दशांश, ग्रीडला धरून राहिले पाहिजे, असा तो नियम आहे. पण आपल्या पठारांवर त्याच्या कितीतरी आधीपासून चक्क्या उभ्या आहेत. आणि नियम कागदावर पाळला की यंत्रात, हे दक्षिण ऑस्ट्रेलियातसुद्धा राज्य बुडाल्यावरच कळले.

पैशाची वाटही मोकळी झाली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ४,००० मेगावॅट-तास बॅटरी साठवणुकीसाठी भांडवली मदत मंजूर केली, आणि त्यातला किमान ८५ टक्के भाग वीज वितरण कंपन्यांना मिळावा असे ठरवले. तेव्हा बॅटरी येणार की नाही हा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे तो कुठे बसणार आणि बिल कुणाच्या नावावर फाटणार, हा. आपण गप्प राहिलो तर बॅटरी शहराच्या उपकेंद्रात बसेल, तिथल्या वातानुकूलित यंत्रांचा संध्याकाळचा भार सांभाळेल, आणि खर्च मात्र सगळ्या ग्राहकांच्या दरात मिसळून आपल्याही माथी येईल.

बॅटरीचीही आरती नको

यंत्र आले की त्याची आरती करायची आपल्याला सवय आहे. तेव्हा दुसरी बाजूही बोलू. मनोराच पडला तर बॅटरी मनोरा उभा करत नाही. बॅटरीला आयुष्य असते, ती झिजते, तिला आग लागू शकते, म्हणून ती वस्तीपासून अंतर राखून बसवावी लागते. आणि बॅटरीचा मालकही माणूसच असतो. हॉर्न्सडेलच्या बॅटरीने २०१९ मध्ये काही महिने, जी सेवा देतो म्हणून पैसे घेतले ती देण्याची तयारी ठेवली नव्हती. २०२२ मध्ये न्यायालयाने तिच्या मालक कंपनीला नऊ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. आपल्याकडे अशा कारणाने कुणाला दंड होईल, अशी व्यवस्था आधी उभी करावी लागेल.

आणि अनुदानाच्या कुबड्यांवर हे काम कायम चालावे असेही आपण म्हणणार नाही. मालाला भाव मागणाऱ्यांनी सेवेला भाव नाकारू नये. सेकंदाच्या आत ग्रीड सावरणे ही सेवा आहे, तिचे मोजमाप होते, तिला भाव मिळाला तर चक्कीवाला स्वतःहून बॅटरी बसवेल. मात्र ज्याने झटक्यात ग्रीड सोडले, त्याच्याकडून त्याची किंमतही वसूल झाली पाहिजे. हजेरी नसलेल्याला मजुरी नाही, एवढा साधा हा न्याय आहे.

जिल्हा बैठकीपुढे

येत्या बैठकांत पुढील मागण्यांवर चर्चा करून ठराव करावेत, अशी विनंती आहे.

१. प्रत्येक पवनप्रकल्पाचे झटका सोसण्याचे सेटिंग काय आहे, ते राज्य भारप्रेषण केंद्राकडे नोंदलेले असावे. किती वेळा, किती मेगावॅट आणि कोणत्या कारणाने तुटले, हे दर महिन्याला मराठीत जाहीर व्हावे.

२. जुन्या चक्क्या बदलून नव्या बसवण्यास परवानगी देताना झटका सोसण्याची परीक्षा प्रत्यक्ष जागेवर घ्यावी. त्या उपकेंद्रावर साठवण बसवण्याची अट घालावी.

३. वितरण कंपनीला मदतीतून मिळणाऱ्या बॅटरींचा ठरावीक वाटा लांब ग्रामीण वाहिन्यांच्या शेपटाला आणि पवनप्रकल्पांच्या उपकेंद्रांत बसावा. वरची लाइन तुटली तरी भोवतालच्या गावांची वीज चालू राहील, अशाच जातीची बॅटरी तिथे असावी.

४. बॅटरीचा मोबदला दिलेल्या सेवेवर असावा, नुसते उभे राहण्यावर नसावा. स्थिर आकार वाढवून तो शेतीपंपाच्या नावावर टाकू नये.

५. बॅटरीसाठी जमीन लागेल ती भाडेपट्ट्याने घ्यावी आणि भाडे दर वर्षी वाढते असावे. पठारावरच्या जमिनी पहिल्या फेरीत कोणत्या भावाने गेल्या, ते आपण विसरलेलो नाही.

६. आणि एक ठराव आपल्यासाठी. प्रत्येक मोटरीला कॅपॅसिटर असावा आणि एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी लाइन येताच एकदम सुटू नयेत म्हणून गावाने आपसात पाळी ठरवावी. चक्कीने झटका सोसावा असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मोटरींनी ग्रीडला झटका देऊ नये, हेही ओघाने आलेच.

वारा कुणाच्या हुकमात नाही. यंत्राचे सेटिंग आणि बॅटरीची जागा मात्र माणसे ठरवतात, आणि ते कागद मुंबईत तयार होत असताना आपला ठराव त्या टेबलावर असला पाहिजे. जिल्हा बैठकीला येताना आपल्या उपकेंद्राचे नाव, वाहिनीची लांबी आणि गेल्या हंगामात लाइन कितीदा गेली याची वहीतली नोंद घेऊन या. नोंद हातात असली की समोरच्या साहेबाला उत्तर द्यावे लागते.